पसंतीच्या चिठ्ठीतला पहिला रकाना

आमच्या कंपनीच्या रजेच्या अर्जावर कारण लिहायला जेमतेम दोन बोटं जागा होती. त्या दोन बोटांत मी एकतीस वर्षं माणसं वाचली. 'घरगुती काम' म्हणजे जमिनीची मोजणी, नाहीतर बायको माहेरी गेलेली. 'तब्येत' म्हणजे बहुतेक वेळा गावची जत्रा. जून लागला की मात्र एकजात सगळे लिहायचे, 'मुलाचे ॲडमिशन'.

मी टाइम ऑफिसात होते. कारखान्याबाहेरच्या लोकांना हे खातं ठाऊक नसतं, म्हणून सांगते. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला काचेची खिडकी, काचेला हात जाईल एवढं भोक. हजेरी, उशिराचे शिक्के, ओव्हरटाइम, रजा, बसचे पास आणि कोण कुठल्या पाळीला येणार ते, सगळं त्या भोकातून. आधी भोसरीला, मग कंपनी चाकणला हलली तशी मीही हलले. दापोडीहून कंपनीची बस होती, तेवढं एक सुख. पाळी बदलताना अर्धा तास श्वास घ्यायला सवड नसायची आणि मग दोन तास खिडकीसमोर चिटपाखरू नसायचं. त्या दोन तासांत बाकीच्या बायका स्वेटर विणत. मला विणता येत नाही. मी प्रवेशाच्या माहितीपुस्तिका वाचायला लागले.

सुरुवात अगदी साधी झाली. एकानं अर्ज आत सरकवला आणि मी सहज विचारलं, "कशाचं ॲडमिशन?"

तो म्हणाला, "बघू, मिळेल त्याचं."

मला राग आला. हाच माणूस नवीन मोबाईल घेताना चार दुकानं पालथी घालतो, गाडी घेताना शेजाऱ्याची चालवून बघतो आणि पोराच्या आयुष्याची तीन वर्षं 'मिळेल त्याला' देऊन टाकतो. मी त्याला म्हटलं, उद्या पोराला घेऊन ये, तरच रजा मंजूर. अधिकार नव्हता मला तसा. पण खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला किती अधिकार आहे हे बाहेरच्याला कधीच नीट माहीत नसतं.

पुढे माझी एक पद्धत बसली. पोरगं आलं की बापाला कँटीनला चहाला पाठवायचं, कारण बाप शेजारी असला की पोर बापाचंच उत्तर देतं. 'तुला काय व्हायचंय' हे कधी विचारायचं नाही. त्या प्रश्नाला सगळी मुलं खोटं बोलतात, त्यांचा इलाज नसतो. मी विचारायचे, "गेल्या रविवारी दुपारी काय केलंस?" रविवारी दुपारी माणूस स्वतःच्या मनासारखं काहीतरी करत असतो. मग त्या धाग्याला धरून एखादा माणूस शोधायचा, जो तेच काम पोटासाठी करतो, आणि पोराला दिवसभर त्याच्यामागे हिंडवायचं. व्हिजिटर पास माझ्याच हातात होते. फॉर्म, कागदपत्रं, दाखले हे सगळ्यात शेवटी.

लातूरकडचा सदाशिव वेल्डर होता. तो आला आणि म्हणाला, "मॅडम, पोराला साहेब करायचंय बघा."

"कोणता साहेब?"

"पांढऱ्या टोपीचा."

आमच्याकडे कामगारांना पिवळं हेल्मेट आणि अधिकाऱ्यांना पांढरं. मी पोराला एका पांढऱ्या हेल्मेटच्या मागे दिवसभर सोडलं. संध्याकाळी खिडकीशी येऊन पोरगा म्हणाला, "ताई, साहेबांनी चार वेळा डबा उघडला आणि चार वेळा बंद केला. मग मीच कँटीनला गेलो. आठशे माणसांच्या भाताला पाणी कसं घेतात, ते बघत बसलो." त्याच्या डोळ्यांत मला काय दिसायचं ते दिसलं. हॉटेल मॅनेजमेंट केलं त्यानं. आज तळेगावच्या एका कारखान्याचं कँटीन तो सांभाळतो. सदाशिव अजून भेटतो तेव्हा म्हणतो, "साहेब नाही झालं लेकरू, पण साहेब लोक ताट घेऊन त्याच्यापुढं उभे राहतेत."

अशी पोरं पुष्कळ. माझ्या स्वतःच्या मुलानं तेवढा माझा एकही सल्ला ऐकला नाही आणि तो मजेत आहे, हेही इथेच सांगून टाकते. पण या कामात मला गती होती, याबद्दल मी खोटा विनय दाखवणार नाही. एकदाच माझी चूक झाली. ती मात्र साधी नव्हती.

बाळूभाऊ निघोज्याचा. घरची थोडी शेती, आणि आमच्या पेंट शॉपमध्ये वीसेक वर्षं नोकरी. शांत माणूस, हजेरीत कधी लाल शाई नाही. जून संपत आलेला. दुसऱ्या पाळीला आत जाता जाता तो खिडकीशी थांबला आणि भोकातून मोबाईल आत सरकवला.

"ताई, वैष्णवीचा डिप्लोमाचा फॉर्म भरलाय. आज शेवटचा दिस हाय. बरोबर हाय का बघा की वाईच."

वैष्णवी त्याची थोरली. नुकतीच दहावी झालेली. मागे रांग लागली होती, गजर व्हायला सात मिनिटं होती. मी नाव बघितलं, जन्मतारीख बघितली, जातीचा दाखला जोडलाय का बघितलं. कॉलेजांच्या पसंतीची यादी बघितली. एक नंबरला हायवेवरचं नवीन खासगी कॉलेज, मेकॅनिकल. दोन नंबरला शहरातलं सरकारी कॉलेज, इलेक्ट्रिकल. खाली आणखी दोन-तीन. "बरोबर आहे," म्हटलं आणि मोबाईल परत दिला. पोरीला बोलावलं नाही, रविवार विचारला नाही, काही नाही.

प्रवेशाची पहिली यादी लागली त्या दिवशी बाळूभाऊ पेढे घेऊन आला.

"ताई, पयल्या नंबरचंच लागलं."

मी पेढा तोंडात टाकला. "वैष्णवी खूश असेल."

"रडतीया सकाळधरनं. आनंदानं असंल."

मी पेढा गिळला आणि म्हटलं, "उद्या पाळीच्या आधी तिला घेऊन या."

ती आली. बारीक अंगाची, दोन वेण्या, हाताच्या बोटांना पिवळट तपकिरी डाग. मी तिच्या बापाला नेहमीसारखं चहाला पाठवायला हवं होतं, पण त्या दिवशी विसरले, आणि ते बरं झालं.

"गेल्या रविवारी दुपारी काय केलंस?"

"तीन एचपीची मोटर भरली."

"कुठे?"

"आमच्या गल्लीत एका काकांचं रिवायंडिंगचं दुकान आहे. जळलेल्या मोटरी येतात शेतावरच्या. जुनी तार काढायची, नवीन गुंडाळायची, वार्निश करायचं. वेढे मोजायला लागतात, एक चुकला तरी मोटर गरम होते."

बाळूभाऊ तिच्याकडे बघत होता. "तू मोटर भरती? कवापसनं?"

"सातवीपासून. संध्याकाळी जाते मी. तुम्ही सेकंडला असता तेव्हा. आणि रविवारी दुपारी, तुम्ही शेतावर असता तेव्हा."

दुसरी पाळी साडेतीनला सुरू होते आणि मध्यरात्री संपते. पोरगी शाळेतून यायची तेव्हा बाप कामावर, बाप घरी यायचा तेव्हा पोरगी झोपलेली. सकाळी ती शाळेत. हे वर्षानुवर्षं चाललेलं. बापाला एवढंच माहीत होतं, की पोरगी इलेक्ट्रिकल इलेक्ट्रिकल करते. कशासाठी करते, ते माहीत नव्हतं.

"मग इलेक्ट्रिकल वर का नाही टाकलं?" मी विचारलं.

उत्तर बाळूभाऊनं दिलं. "तिच्या मनातलं दोन नंबरला टाकलंय की ताई. एक नंबरला मिळणारं टाकलं, हायवेवरच्या त्या कालेजात जागा ऱ्हातेतच. वर मोठं टाकलं आन् न्हाई लागलं, तर मागनं उरलंसुरलं गळ्यात पडतंय. आपल्या पाळीच्या चिठ्ठीवानी."

मला तेव्हा कळलं.

पाळीची चिठ्ठी ही माझी करणी. आमच्याकडे पाळ्या फिरत्या नव्हत्या. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाकडून पसंतीची चिठ्ठी घ्यायची, तीन रकाने, तीन पाळ्या. मी आधी सगळ्यांचा फक्त पहिला रकाना बघायचे. सकाळची पहिली पाळी मागणारे खूप, जागा कमी, म्हणून जुन्या माणसांना आधी. ज्यांना ती मिळायची नाही, त्यांचा दुसरा रकाना उघडेपर्यंत दुसरी पाळी भरून गेलेली असायची, कारण ती ज्यांनी वरच मागितली त्यांना ती देऊन झालेली. मग राहिलेली माणसं रात्रपाळीला. एकदोनदा पोळलं की माणूस शहाणा व्हायचा आणि मनातलं वर लिहायचं सोडून मिळण्यासारखं वर लिहायचा. पंचवीस वर्षं मी कामगारांना हे शहाणपण शिकवत होते. मला ते शिस्तीचं वाटायचं.

कॉलेजच्या यादीत नेमकं उलट असतं. तिथे कॉम्प्युटर मुलाची यादी वरून वाचत येतो. पहिलं नाही बसलं तर दुसरं बघतो, आणि तेव्हाही गुण जास्त असतील तर जागा तुमचीच, दुसऱ्यानं ती वर मागितली होती की खाली, याला किंमत नाही. वर मोठं टाकल्यानं काडीचं नुकसान नसतं. पण एक नंबरचं मिळालं की यादी तिथेच बंद. जागेला कुलूप लागतं, पुढच्या फेऱ्यांत नाव नाही, कारण तुम्ही जे सगळ्यात जास्त मागितलं ते तुम्हाला दिलंय. मी सरकारी कॉलेजची यादी उघडून बघितली. इलेक्ट्रिकलला लागलेल्या शेवटच्या मुलाचे गुण वैष्णवीपेक्षा कमी होते.

हे सगळं मला पाठ होतं. तरी त्या दिवशी यादीचा क्रम मला खटकला नाही, कारण तो क्रम माझ्याच खिडकीचा होता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "माझ्या चिठ्ठीनं तुम्हाला ही सवय लावली, आणि बघून मीच बरोबर म्हटलं."

बाळूभाऊ म्हणाला, "आसं कसं, ताई. मग लाल पेनानं खोडा की. आमची चिठ्ठी चुकली तर तुमी खोडताच."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिघं प्रवेशाच्या सुविधा केंद्रात गेलो. तिथेही काच होती, काचेला भोक होतं. आत बसलेल्या मुलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नियम आहे, मॅडम." हे दोन शब्द मी स्वतः किती वेळा म्हटले असतील. बाहेरून ते कसे ऐकू येतात, ते त्या दिवशी कळलं. तिची काही चूक नव्हती.

बाहेर बाकावर बसून मी दोघांना स्वच्छ सांगितलं. एक तर मिळालेली जागा घ्यायची, मेकॅनिकल करायचं, त्यात वाईट काही नाही. नाहीतर ही जागा सोडायची. सगळ्या फेऱ्या संपल्या की ज्या कॉलेजात जागा उरतात ती कॉलेजं आपल्या पातळीवर गुणांप्रमाणे भरतात, तिथे नशीब बघायचं. इलेक्ट्रिकल उरेल की नाही, ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

हातचं सोडायचं, ही गोष्ट बाळूभाऊनं आयुष्यात केली नव्हती. तो चपलेनं माती उकरू लागला. मग म्हणाला, "ताई, तुमी आमच्या जागी असता तर काय केलं असतं?"

एरवी मी उत्तर देऊन मोकळी झाले असते. सल्ला ही माझी खोड आहे. त्या दिवशी मी म्हटलं, "मी वैष्णवीला विचारलं असतं."

त्यानं मान वळवली. "आन् काईच न्हाई उरलं, तर गं?"

"तर आयटीआयला इलेक्ट्रिशियन करीन," ती म्हणाली. "त्याचा फॉर्म वेगळा असतो, तो आजच भरून ठेवू. दोन वर्षं ते करते, मग बघते पुढचं. पण ही जागा नको, पप्पा. तीन वर्षं मी तिथे नुसती बसेन."

ती हे रडत म्हणाली नाही. मोटरचे वेढे सांगावेत तसं सांगत होती. पंधरा वर्षांची पोर माझ्यापेक्षा चांगली आखणी करून बसली होती, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बाळूभाऊ उठला. "सोडा मग," म्हणाला.

पुढचा दीड महिना मला तोंडचा घास गोड लागला नाही. पण हातावर हात ठेवून बसणारी मी नव्हे. मी हजेरीच्या जुन्या रजिस्टरात चाकण, तळेगाव, आकुर्डीकडची इलेक्ट्रिकल असलेली सगळी कॉलेजं लिहिली आणि प्रत्येक फेरीनंतर फोन करून किती जागा उरल्या ते पुढे मांडत गेले. कोण गैरहजर राहणार, हे ओळखण्यात माझा जन्म गेला होता. जागा घेतात आणि येत नाहीत अशी मुलं प्रत्येक कॉलेजात असतात. शेवटची फेरी संपली तेव्हा तळेगावच्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकलची एक जागा उरली होती. एकच. अर्ज अकरा आले. गुणांच्या यादीत वैष्णवी पहिली होती.

सरकारी कॉलेज नव्हे ते. तिथली मोठी प्रयोगशाळा, जुने नावाजलेले शिक्षक, हे तिला मिळालं नाही, आणि ते माझ्यामुळे मिळालं नाही. निघोज्याहून रोज आधी चाकण, तिथून बस बदलून तळेगाव, असं तिनं तीन वर्षं केलं. डिप्लोमा चांगला झाला, आता ती डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी अजून काकांच्या दुकानात मोटरी भरते. माझी रुखरुख तिला सांगितली, तर हसते आणि म्हणते, "ताई, सोडा ना आता." मला ते सोडता येत नाही.

मी एक केलं. त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला पाळीच्या नव्या चिठ्ठ्या वाटायच्या होत्या. मी मॅनेजरसाहेबांकडे जाऊन बसले आणि पद्धत बदलून घेतली. आता मी कॉलेजच्या कॉम्प्युटरसारखी यादी करणार होते. सगळ्यात जुन्या माणसाची चिठ्ठी आधी घ्यायची, वरून खाली वाचायची, जे पहिलं शिल्लक असेल ते द्यायचं, मग पुढचा माणूस. नोटीस बोर्डावर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'मनात असेल तेच वर लिहा. नुकसान होणार नाही.' निम्म्या लोकांनी विश्वास ठेवला नाही. पंचवीस वर्षांची सवय एका कागदानं जात नाही.

बाळूभाऊ चिठ्ठी घेऊन आला. तो वर्षानुवर्षं पहिल्या रकान्यात 'दुसरी पाळी' लिहायचा. मला वाटायचं, सकाळी शेतावर जाता येतं म्हणून त्याला तीच आवडत असेल. या वेळी लिहिलं होतं, 'पहिली पाळी'. खालच्या दोन रकान्यांत आडव्या रेघा मारल्या होत्या.

पेंट शॉपची ज्येष्ठतेची यादी माझ्यासमोरच होती. तो सातवा होता. पहिल्या पाळीत जागा चाळीस. मी मागच्या वर्षीची यादी काढली, त्याच्या मागची काढली. कुठल्याच वर्षी तो पंधराव्याच्या खाली नव्हता. माझ्या जुन्या पद्धतीतही त्यानं नुसती मागितली असती, तरी मिळाली असती. वैष्णवी सातवीत असल्यापासून, त्याच्याही आधीपासून.

यादी बघताना माझा चेहरा त्यानं काचेतून बघितला असणार.

"ताई," तो म्हणाला, "आदी मागितली आसती, तर मिळाली आसती व्हय?"

खोटं बोलता आलं असतं. पण या माणसाला मी एकदा न बघता 'बरोबर आहे' म्हटलं होतं.

"मिळाली असती, भाऊ."

त्यानं मान हलवली. मी चिठ्ठीवर शिक्का मारला आणि त्याची अर्धी फाडून बाहेर सरकवली. ती त्यानं घडी करून खिशात ठेवली.

"साडेतीनला सुटतो न्हवं मी आता?"

"साडेतीनला."

"मग जमतंय," तो म्हणाला. "तिची बस चारला येती चाकणात."